तबकडीबाहेरचा गायक

लोकप्रिय गायकाचा इतिहास लिहायला बसले की हाती सर्वांत आधी लागते ती त्याच्या ध्वनिमुद्रणांची यादी. कोणत्या साली कोणती तबकडी निघाली, कोणत्या कंपनीने काढली, त्यातले कोणते गाणे गाजले, पुढे कॅसेट कधी आली. यादीत तारखा असतात, म्हणून ती इतिहासासारखी दिसते. रशियाच्या आल्ला पुगाचोवाचे चरित्र असेच सांगितले जाते. 1975 मध्ये बल्गेरियातल्या 'गोल्डन ऑर्फियस' स्पर्धेत 'आर्लेकिनो' या गाण्याला पहिले पारितोषिक, 1978 मध्ये 'झेर्कालो दुशी' हा दोन तबकड्यांचा संच, त्यानंतर चार वर्षांनी घरोघर वाजलेले 'मिल्योन आलिख रोज'. सोव्हिएत देशात 1964 पासून तबकड्या काढणारी 'मेलोदिया' ही एकच सरकारी कंपनी होती, तेव्हा तिचा कॅटलॉग चाळला की तिथल्या गायकांची कारकीर्द कळली असे वाटते. पण त्याच मॉस्कोत त्याच काळात व्लादिमीर विसोत्स्की गात होता. त्याच्या हयातीत मेलोदियाने मोजक्या छोट्या तबकड्या काढल्या. त्याची शेकडो गाणी लोकांनी घरगुती टेपरेकॉर्डरवर एकमेकांकडून उतरवून घेतली आणि ती देशभर गेली. 25 जुलै 1980 रोजी, मॉस्को ऑलिंपिक चालू असताना तो वारला. सरकारी वृत्तपत्रांनी त्या बातमीला जेमतेम जागा दिली, तरी तगान्का नाट्यगृहासमोर हजारो माणसे जमली. ती माणसे कुठून आली, हे मेलोदियाच्या कॅटलॉगमधून कधीच समजणार नाही.

सातपुड्याच्या घाटाखाली, सौंसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांत, गाण्याच्या इतिहासाची अशीच गत आहे. तबकड्यांची यादी घेऊन इथे आले तर सांगण्याजोगे काही नाही. या मुलखात ग्रामोफोन कंपनी नव्हती, चित्रपटाचा स्टुडिओ नव्हता. मुंबईच्या बाजाराच्या हिशेबात हे गिऱ्हाईकही दूरचे आणि गरीब. पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या वृत्तपत्रांत येते ते वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे. तरीही विसाव्या शतकाच्या मध्याला या भागात एका गायकाची गाणी घराघरांत पाठ होती, आणि ती ऐकून पाठ झाली नव्हती, गाऊन झाली होती. तो गायक म्हणजे यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, अर्थात तुकडोजी महाराज. माझे म्हणणे असे की, तुकडोजींची या भागातली लोकप्रियता ही आधी गायकाची लोकप्रियता म्हणून पाहिली पाहिजे, आणि ती तबकडीवर उभी नव्हती म्हणूनच 1956 मध्ये राज्यांची हद्द मधून गेल्यावरही ती मोडली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. महाराज संत होते, समाजसुधारक होते, त्यांना गायकांच्या रांगेत बसवणे म्हणजे त्यांची उंची कमी करणे. हा आक्षेप भक्तीतून येतो, म्हणून त्याला हसू नये. पण त्यांच्या आयुष्यातले टप्पे पाहा. 30 एप्रिल 1909 चा जन्म, घरी शिवणकाम, शाळा जेमतेम प्राथमिक, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा सहवास, नंतर रामटेक-रामदिघीच्या रानात काढलेले दिवस. यातून बाहेर पडलेला तरुण लोकांपुढे उभा राहिला तो प्रवचनकार म्हणून नाही, मठाधिपती म्हणूनही नाही. हातात खंजेरी आणि तोंडात स्वतः रचलेले भजन, एवढीच त्याची ओळख होती. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, 1936 मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला मुक्काम झाला, आणि तिथेही त्यांच्याकडून अपेक्षा भजनाचीच होती. ग्रामगीता 1955 ची. तिचे 41 अध्याय आणि 4675 ओव्या लिहून होण्याआधी दोन तपांहून अधिक काळ हा माणूस नुसत्या गाण्यावर गर्दी जमवत होता. त्याच 1955 मध्ये ते जपानला धर्मपरिषदेसाठी गेले, तेव्हा भाषा न कळणाऱ्या श्रोत्यांपुढेही खंजेरीच वाजवली. विचार गाण्याच्या पाठीवर बसून लोकांपर्यंत गेला हे मान्य केल्याने विचार लहान होत नाही.

त्यांच्या गाण्याला सरकार काय समजत होते याचा पुरावा तर तुरुंगाच्या दप्तरातच आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी इथे उठाव झाला. त्याआधी महाराजांचे कार्यक्रम त्याच टापूत चालले होते आणि 'आते है नाथ हमारे' हे त्यांचे भजन तरुणांच्या तोंडी होते. रानातली झाडे आणि वाटेवरचे दगड हेच शस्त्र होतील, असा त्याचा रोख. 28 ऑगस्टला चंद्रपूरला त्यांना अटक झाली, आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवले, डिसेंबरच्या सुरुवातीला सोडले. त्यांनी पक्ष काढला नव्हता, शस्त्र उचलले नव्हते. भीती होती ती शेकडो गावांत एकाच वेळी म्हटल्या जाणाऱ्या गाण्याची. तबकडी जप्त करता येते, दुकान बंद करता येते. तोंडपाठ गाण्याचे काय करायचे ते ब्रिटिश अधिकाऱ्यांना सुचले नाही, म्हणून त्यांनी गायकच उचलला.

आता हे गाणे सौंसरपर्यंत कोणत्या वाटेने आले ते पाहू. आज राज्याची हद्द मध्ये आहे म्हणून हे तालुके आडबाजूचे वाटतात. तेव्हा ते तसे नव्हते. देवगडचे गोंड राजे आणि नागपूरचे भोसले यांच्या काळापासून घाटाखालचा हा सपाट भाग नागपूरच्या बाजूने तोंड करून होता. छिंदवाडा हे जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण ते घाटावर. बाजार, कापूस, लग्नसंबंध, शिक्षण यांची ओढ खाली नागपूरकडे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी सुरू झाली. ती सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना असे थांबत घाट चढायची. पांढुर्णा तर नागपूर-इटारसी या मोठ्या रेल्वेमार्गावरच. पश्चिमेला वरूड-मोर्शीचा पट्टा लागून, आणि त्याच्या टोकाला, डोंगराच्या कुशीत सालबर्डी. तिथे 1935 मध्ये महाराजांनी मोठा यज्ञ भरवला, त्याला वऱ्हाडातून आणि बैतूल-छिंदवाड्याच्या बाजूने माणसे लोटली. महाराजांचा फिरस्तीचा मुलूख आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याचा रोजचा मुलूख एकच होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा एक प्रांत होता, राजधानी नागपूर होती, आणि 1956 पूर्वीच्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचे स्थान होते.

पण वाट होती म्हणून गाणे आपोआप येत नाही. ते वाहून नेणारे काहीतरी लागते, आणि या कथेत ते काम पातळ कागदावर छापलेल्या भजनांच्या छोट्या पुस्तकांनी केले. 'लहर की बरखा' हा हिंदी भजनांचा संग्रह काय, मराठी भजनावल्या काय, यांना मी महाराजांचे अल्बमच म्हणेन, आणि ही उपमा केवळ गंमत म्हणून देत नाही. अल्बमसारखाच प्रत्येक संग्रह गायकाच्या एका काळाचा असतो. सुरुवातीच्या भजनांत रानातला एकांत, गुरूची ओढ, देहाचा वैराग्यभाव. नंतरच्या भजनांत गाव, स्वच्छता, व्यसन, अस्पृश्यता, देशाचे स्वातंत्र्य. हे वळण तारखांच्या यादीपेक्षा या संग्रहांतून अधिक स्पष्ट दिसते. मात्र एका बाबतीत हे अल्बम तबकडीपेक्षा निराळे आहेत. भजनाच्या वर कंसात हिंदी असेल तर तर्ज आणि मराठी असेल तर चाल दिलेली असते, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच येत असलेल्या दुसऱ्या एखाद्या गाण्याचे पहिले शब्द. स्वरलिपी नाही, वाद्यमेळाची सूचना नाही. त्या एका ओळीवर गावातला साक्षर पोरगा भजन उचलायचा आणि बाकीचे त्याच्या मागे म्हणायचे. तबकडी गाणे पुरे करून देते, हे पुस्तक ते अर्धेच देते आणि उरलेले अर्धे गावाकडून मागते.

कोणी म्हणेल, उसन्या चालीवर शब्द बसवणे ही काही मोठी निर्मिती नव्हे. हा नागर संगीतसमीक्षेचा जुना अहंकार आहे. मग पुगाचोवाचे काय करायचे? ज्या 'आर्लेकिनो'ने तिला नाव मिळवून दिले त्याची चाल बल्गेरियाच्या एमिल दिमित्रोवची, नवे होते ते रशियन शब्द आणि तिचे गाणे. 'मिल्योन आलिख रोज'ची चाल राइमोंड्स पौल्सने आधी लात्वियन गाण्यासाठी बांधली होती, आंद्रेई वोझ्नेसेन्स्कीचे रशियन शब्द तिच्यावर मागून बसले. एका छोट्या भाषेतली चाल मोठ्या भाषेत गेली आणि अर्ध्या जगाला ठाऊक झाली. लोकप्रिय गाणे बहुतेक वेळा असेच प्रवास करते. ओळखीच्या चालीत अनोळखी शब्द गेला की तो लवकर आत शिरतो. दारूबंदीवरचे किंवा गावझाडणीवरचे गाणे नव्या, अवघड चालीत कोणी पाठ केले असते का, याचा विचार आक्षेप घेणाऱ्याने करावा.

सौंसर-पांढुर्ण्यात हे बी पडले ते पडीक जमिनीत नव्हे. पोळ्याला बैलांसमोर झडत्या म्हणायची रीत होती, भुलाबाईची गाणी होती, दंडार आणि खडी गंमत होती, आषाढी-कार्तिकीची दिंडी होती. एकाने म्हणायचे आणि घोळक्याने झेलायचे ही सवय लोकांना आधीपासून होती. आणि भाषा एक नव्हती. मराठीची वऱ्हाडी-नागपुरी बोली, भोयर-पवारांची पवारी, गोंडी, घाटावरून उतरणारी हिंदी, हे सगळे एका आठवडी बाजारात नांदत होते. तुकडोजींनी मराठी आणि हिंदी दोन्हींत भजने रचली हे चरित्रकार त्यांच्या राष्ट्रव्यापी दृष्टीचे लक्षण म्हणून सांगतात. ते खरे असेल, पण मला त्याचे कारण आणखी जवळचे दिसते. नागपूर प्रांतात फिरणाऱ्या गायकाला दोन भाषा हा प्रचाराचा डावपेच नव्हता, श्रोत्यांची ती रोजची स्थिती होती. 'हर देश में तू' म्हणणारी मंडळी पुढचेच भजन 'या झोपडीत माझ्या' घ्यायची, आणि आपण भाषा बदलली याची जाणीवही कोणाला होत नसे. मुंबई-पुण्याच्या गायकाला हे जमले नसते, तिथला श्रोता तसा नव्हता.

मग 1 नोव्हेंबर 1956 आला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सौंसरच्या माणसाला कचेरीच्या कामासाठी घाट चढणे भाग झाले. शाळा, दप्तर, न्यायालय यांतून मराठी एकेक पाऊल मागे सरली. भाषेच्या राजकारणात ही गोष्ट नेहमी हानी म्हणून सांगितली जाते आणि ती हानी होतीच. परंतु गाण्याच्या बाबतीत काय झाले? ज्या लोकप्रियतेचा आधार कंपनी, दुकान, शासकीय अनुदान किंवा शाळेचे पाठ्यपुस्तक असते, ती अशा वेळी खचते. इथे आधार होता महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांचा. सकाळचे सामुदायिक ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, त्यानंतर भजन, यासाठी ना भोपाळची परवानगी लागत होती ना मुंबईची. शिवाय भजनांचा निम्मा ठेवा हिंदी असल्याने नव्या राज्यात ते परके ठरण्याचा प्रश्नच नव्हता. हिंदी भजनांच्या सोबतीने मराठी भजने टिकली. भाषाशुद्धीच्या आग्रही माणसाला हे रुचणार नाही. त्याच्या मते दोन भाषांची सरमिसळ म्हणजे मराठीची माघार. पण हद्दीपलीकडे पडलेल्या गावात मराठीला रोज संध्याकाळी तोंडात ठेवणारे साधन कोणते होते, याचे उत्तर त्यालाही द्यावे लागेल.

इथे अधिक वजनदार आक्षेप आहे, आणि तो मला पुरता खोडता येत नाही. मराठी टिकली ती नात्यागोत्यामुळे, नागपूरच्या बाजारामुळे, संत्र्यांच्या आणि कापसाच्या व्यापारामुळे. सुना काटोल-सावनेरच्या, दवाखाना नागपूरचा, वृत्तपत्र नागपूरचे. भजन हे कारण नसून परिणाम आहे, ज्या गावात मराठी बोलली जात होती तिथे मराठी भजन म्हटले गेले एवढेच. यात बरेच तथ्य आहे. माझा दावाही भजनाने मराठी वाचवली असा नाही. तो एवढाच आहे की, घरात बोलली जाणारी भाषा आणि चारचौघांत मोठ्याने म्हटली जाणारी भाषा यांत फरक असतो. घरची बोली नात्यांनी टिकते. सार्वजनिक मराठी, म्हणजे छापील वाचली जाणारी, सुरात म्हटली जाणारी, गावाच्या चौकात बसणारी मराठी, तिला कचेरी आणि शाळा गेल्यावर दुसरी जागा लागते. अशा जागा फार नव्हत्या. भजनमंडळ ही त्यांतली एक होती.

नभोवाणीचे श्रेय कोणी पुढे करील, तर ते नाकारण्याचे कारण नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले. नागपूरहून सौंसर साठ-सत्तर किलोमीटरवर, तेव्हा त्याच्या लहरी 1956 नंतरही हद्द विचारत नव्हत्या. ज्या घरी रेडिओ होता तिथे मराठी गाणी पोचली. पण त्या काळी खेड्यात रेडिओ किती घरी होता हा एक प्रश्न, आणि रेडिओ काय घडवतो हा दुसरा. रेडिओ श्रोता घडवतो. पुस्तक आणि खंजेरी गाणारा घडवतात. ग्रामोफोनची गोष्ट तर आणखी तोकडी. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपास मावायचे. धृपद लोकांच्या तोंडी बसेपर्यंत घोळवायचे, मग अंतरा, मध्येच थांबून दोन वाक्ये बोलायची, पुन्हा धृपद, अशी महाराजांच्या भजनाची चाल. तिला कापून साडेतीन मिनिटांत बसवले तर उरते ती नुसती कविता. त्यांच्या आवाजाची जी थोडी ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात त्यांत खंजेरीचा ठेका आणि गळ्यातली धग कळते, समोरच्या हजारोंचा झेल कळत नाही.

हे सगळे संतत्वाच्या बळावर झाले, साध्या गायकाला ते जमले नसते, असे वाटत असेल तर वामनदादा कर्डकांकडे पाहावे. सीमा बदलण्याच्या अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर भीमगीतांची लाट आली. वामनदादा संत नव्हते, त्यांना तसे म्हणवून घ्यायचेही नव्हते. सिन्नरजवळच्या देशवंडीचा हा कवी गावोगाव गात फिरला, आणि गायनपार्ट्यांनी त्यांची गाणी वह्यांत उतरवून घेऊन पुढे नेली. यंत्रणा तीच, श्रद्धेचे केंद्र वेगळे. याउलट प्रल्हाद शिंदे यांची कारकीर्द तबकडी आणि कॅसेटच्या आधाराने वाढली. कव्वालीच्या फडातून आलेला तो अस्सल आवाज मुंबईच्या ध्वनिमुद्रणात बंद झाला आणि लाउडस्पीकरवरून गावोगावच्या गणेशोत्सवात, यात्रेत पोचला. शिंद्यांच्या आवाजाला तोड नाही. पण त्यांचे गाणे लागले की लोक ऐकतात, फार तर सोबत गुणगुणतात. वामनदादांचे किंवा तुकडोजींचे गाणे निघाले की एकाला पुढे व्हावे लागते. दोन्ही प्रकारांना मी लोकप्रिय गाणेच म्हणतो, फक्त एकाचा इतिहास कंपनीच्या दप्तरात सापडतो आणि दुसऱ्याचा सापडत नाही.

11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराज गेले. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी गुरुकुंजात मौन श्रद्धांजली होते आणि तिला हद्दीच्या दोन्ही बाजूंची माणसे असतात. नंतरच्या दशकांत कॅसेट स्वस्त झाली, निरनिराळ्या गायकांनी ही भजने वाद्यवृंदासह गायली, आणि ज्यांच्या गावात मंडळ नव्हते त्यांनाही ती मिळाली. सत्यपाल महाराजांनी सात खंजेऱ्या एकत्र वाजवून तरुणांना पुन्हा त्या वाद्याकडे वळवले. 2005 मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, 2015 च्या अखेरीस सौंसरची छोटी गाडी ब्रॉडगेजसाठी बंद झाली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे प्रशासनाला अखेर घाटाखालच्या या पट्ट्याचे वेगळेपण दिसले. त्याला मराठी मते किती कारणीभूत हा राजकारण्यांचा विषय, मी त्यात पडत नाही.

माझ्या युक्तिवादाची एक बाजू मात्र कमकुवत आहे आणि ती झाकून उपयोग नाही. हद्दीपुढे तबकडीपेक्षा मंडळ टिकाऊ ठरले, हे शेतीवर चालणाऱ्या गावापुरते खरे आहे. सामुदायिक प्रार्थनेसाठी गाव संध्याकाळी एका वेळी मोकळे असावे लागते. 1990 नंतर सौंसरजवळ बोरगावच्या बाजूला कापडाचे मोठे कारखाने आले, पाळ्या आल्या, आणि शिकलेली मुले नोकरीसाठी नागपूरला राहू लागली. पाळीवर गेलेल्या माणसाला रात्री साडेअकराला मोबाइलवर भजन ऐकता येते, धृपद झेलायला मात्र माणसे लागतात. राज्याच्या सीमेने जे झाले नाही ते कारखान्याच्या वेळापत्रकाने होऊ शकते. काही गावांनी प्रार्थनेची वेळ पुढे ढकलून, काहींनी ती आठवड्यातून एकदाच ठेवून यातून वाट काढली तर नवल नाही. तशी तडजोड खंजेरीच्या या परंपरेला नवी नाही, ती मुळातच दुसऱ्याच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवत वाढली आहे.